दोन वाक्यांमधली जागा

समोरच्याचं बोलणं संपतं आणि आपलं सुरू होतं, यामध्ये किती वेळ जातो? विचारलं तर बहुतेक जण सांगतील, एखादा सेकंद जात असेल. मोजल्यावर तो सेकंदाचा पाचवा भाग निघतो. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १० भाषांमधली रोजच्या बोलण्यातली प्रश्नोत्तरं तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. भाषेनुसार आकडा मागेपुढे होता, पण सगळ्यांची सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास होती. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. एखाद्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव आठवायला आणि तोंडातून काढायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. सबंध वाक्याला त्याहून जास्त. हिशेब सरळ आहे: समोरचा बोलत असतो तेव्हाच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. त्याच्या बोलण्याचा शेवटचा तुकडा आपण अर्धाच ऐकतो आणि उरलेला अंदाजाने भरून काढतो.

यात कुणाचा उद्धटपणा नाही. अशी आधीपासून तयारी नसती तर साध्या गप्पासुद्धा अडखळत चालल्या असत्या. अडचण येते ती बोलणं नाजूक असतं तेव्हा. माणसं अवघड गोष्ट सहसा शेवटाकडे सांगतात, आणि मराठीत तर होकार-नकारही वाक्याच्या शेवटीच येतो. 'मला हे काम करायचं नाही असं नाही, पण...' एवढं बोलायला कुणी सुरुवात केली आणि ऐकणाऱ्याने अर्ध्यावर लक्ष काढून घेतलं, तर त्याच्या हाती नेमकी उलटी गोष्ट लागते.

संवादकौशल्य म्हटलं की शिकणारे बोलण्याकडे वळतात. आवाज, शब्दसंपदा, हातवारे, आत्मविश्वास. त्यांचा उपयोग आहेच. पण दोघांतलं किंवा पाच-सहा जणांतलं बोलणं सुधारायचं असेल, तर माझ्या मते सर्वांत जास्त हाताला लागतं ते या छोट्या जागेत. ती कोण घेतो, किती घाईने घेतो आणि घेतल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलतो. व्यासपीठावरच्या भाषणात ही जागा नसतेच. म्हणून सभा जिंकणारा माणूस घरात किंवा मीटिंगमध्ये तितकाच चांगला संवाद साधेल याची खात्री देता येत नाही.

पहिलं वाक्य कोणतं असावं, याला एक जुनं आणि अजून टिकून असलेलं उत्तर आहे: जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगणं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये 'सक्रिय श्रवण' या नावाने जी पद्धत मांडली, तिचा हा गाभा. करायला सोपं दिसतं. समोरच्याचं बोलणं संपलं की मनात 'एक, दोन' म्हणायचं. मग त्याच्यापेक्षा कमी शब्दांत, एक-दोन वाक्यांत, दोनच गोष्टी सांगायच्या: काय घडलं, आणि त्याचं त्याला काय वाटतंय. 'असंच ना?' एवढं विचारून थांबायचं. तो जी दुरुस्ती करेल ती वाद न घालता घ्यायची. आपलं म्हणणं त्यानंतर.

जरा जवळून पाहू. वडील आजारी आहेत. धाकटी बहीण त्यांच्याजवळ राहते, मोठा भाऊ दुसऱ्या शहरात. फोनवर ती म्हणते, "दादा, गेल्या महिन्यात मी तीनदा सुट्टी काढली. तू नुसतं विचारतोस, डॉक्टर काय म्हणाले." भावाच्या तोंडी लगेच येणारं उत्तर असं: "अगं, मी दर महिन्याला पैसे पाठवतो ना! आणि इतक्या लांबून मी आणखी काय करणार?" यातलं एकही विधान खोटं नाही. तरी बोलणं इथेच अडतं, कारण आता बहिणीला पैशांवर बोलावं लागेल, आणि पैशांचा विषय तिने काढलेलाच नव्हता.

तोच भाऊ क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे सगळी धावपळ तुझ्या एकटीवर येते आणि मी फक्त खबर घेतो, असं होतंय ना?" तर बहीण म्हणेल, "धावपळीचं एवढं नाही रे. ठरवायचंही मलाच एकटीला लागतं. औषध बदलायचं का, ॲडमिट करायचं का. माझं चुकलं तर?" इथला बारकावा पाहण्यासारखा आहे. भावाने परत सांगितलं ते चुकीचं निघालं. त्याला वाटलं, दुखणं धावपळीचं आहे. खरं दुखणं एकटीने निर्णय घेण्याचं होतं. तरी त्या वाक्याने आपलं काम केलं, कारण ते 'हे चूक असेल तर सांग' अशा सुरात पुढे ठेवलं होतं. आणि आता लांबून करता येण्याजोगी गोष्ट भावाच्या समोर आहे: डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी फोनवर हजर राहायचं आणि निर्णय दोघांचा करायचा. पैशांच्या वादातून ती निघाली नसती.

ही पद्धत बिघडते ती ठरावीक चार ठिकाणी. समोरच्याचेच शब्द जसेच्या तसे परत म्हटले की त्याला चिडवल्यासारखं वाटतं. त्याने न सांगितलेलं निदान आपण चिकटवलं ('तुला असुरक्षित वाटतंय') की तो बचावाला लागतो. सर्वांत घातक म्हणजे त्याचं म्हणणं टोकाला ओढून परत देणं: 'म्हणजे मी स्वार्थी आहे असंच ना तुझं म्हणणं?' हे ऐकणं नाही, उलटतपासणी आहे. आणि चौथं म्हणजे परत सांगितल्यावर श्वासही न घेता जोडलेला 'पण'. 'तुझं कळलं मला, पण...' यातला पहिला अर्धा भाग कुणाच्याच कानात राहत नाही. वाक्य पूर्णविरामावर संपवावं, दुसऱ्याला बोलू द्यावं आणि मतभेद नंतर वेगळ्या वाक्यात सांगावा. मतभेद सांगू नये असं मुळीच नाही. परत सांगणं म्हणजे मान्य करणं, हा गैरसमज इतका पक्का आहे की त्या भीतीनेच बरेच लोक ते करत नाहीत. एक अपवादही आहे. कुणी 'गाडी किती वाजता आहे?' असं विचारलं तर वेळ सांगावी. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर.

थांबण्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती शिक्षकांकडून आलेली आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच पुढे जात. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणारे कमी झाले, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. रो यांनी थांबण्याच्या दोन जागा वेगळ्या दाखवल्या: प्रश्नानंतरची आणि उत्तरानंतरची. दुसरी जास्त विसरली जाते. माणूस उत्तर देतो, थांबतो, आणि आपण 'बरं' म्हणून पुढचा प्रश्न टाकतो. तिथे आणखी दोन सेकंद दिले असते तर खरं उत्तर आलं असतं, कारण पहिलं वाक्य बहुधा तयार असलेलं असतं आणि दुसरं त्या क्षणी सुचलेलं. तीन सेकंद घड्याळात पाहिले तर किरकोळ वाटतात, बोलताना मात्र फार लांब वाटतात. म्हणून सुरुवातीला मनात मोजावंच लागतं.

प्रश्नांविषयी थोडक्यात. एका वेळी एकच विचारावा. दोन विचारले की सोप्याचं उत्तर मिळतं आणि अवघड सुटून जातो. 'का केलंस?' हा प्रश्न कारण विचारतो तसं ऐकणारा जाबही ऐकतो. त्याऐवजी 'तेव्हा नक्की काय झालं?' किंवा 'कशामुळे असं ठरवलंस?' असं विचारलं तर माहिती जास्त येते. आणि नवा विषय काढणाऱ्या प्रश्नापेक्षा आत्ताच्या उत्तरातला धागा पकडणारा प्रश्न नातं जास्त जोडतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे पाठोपाठचे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्यांना अधिक आवडल्याचं दिसलं. त्यात नवल नाही. मागचं नीट ऐकल्याशिवाय तो प्रश्न तयारच होत नाही.

आता बोलणाऱ्याच्या बाजूने. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकाने सर्वांना माहीत असलेल्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० वेळा वाजवून ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त टकटक पडते. रोजच्या बोलण्यात हेच होतं. 'ते उद्यापर्यंत बघून घे' असं म्हणणाऱ्याच्या मनात कोणतं काम, किती खोल आणि कुणाला कळवायचं हे सगळं असतं. समोरच्याला त्यातलं 'ते' आणि 'उद्या' एवढंच मिळतं. उपाय साधा आहे आणि कंटाळवाणाही. काम सांगताना चार गोष्टी तोंडाने उच्चारायच्या: काय, कधीपर्यंत, झालं हे कशावरून ठरेल, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. मग 'कळलं का?' असं विचारायचं नाही, कारण त्याला नेहमीच 'हो' मिळतं. 'सुरुवात कुठून करशील?' असं विचारायचं. न कळलेलं असेल तर या प्रश्नात ते बाहेर पडतं.

तक्रार सांगणं याहून अवघड. तिथे थॉमस गॉर्डन यांनी रूढ केलेली 'मी'पासून सुरू होणारी वाक्यं शिकवली जातात, आणि त्यांचा सर्रास चुकीचा वापर होतो. 'मला वाटतं की तू बेजबाबदार आहेस' या वाक्यात 'मला' आहे, बाकी सगळा आरोपच आहे. नीट केलेल्या वाक्यात तीन भाग असतात. कॅमेऱ्यात दिसेल अशी घटना, तिचा माझ्यावर झालेला परिणाम, आणि पुढच्या वेळेसाठी हो किंवा नाही म्हणता येईल अशी विनंती. 'अहवाल सोमवारऐवजी बुधवारी आला. त्यामुळे मला मंगळवारच्या बैठकीत जुने आकडे मांडावे लागले. पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर रविवारी रात्रीपर्यंत कळवाल का?' यात 'नेहमी', 'कधीच' आणि 'तुमचा स्वभावच' हे शब्द आले की ऐकणारा अपवाद शोधू लागतो, आणि त्याला एखादा सापडतोच. एका वेळी एकच घटना घ्यावी. जुनी यादी काढली की बोलणं त्या यादीवरच सुरू होतं आणि विनंती बाजूला राहते.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे खटकत आलं आहे. संवादाचा ७ टक्के अर्थ शब्दांत, ३८ टक्के आवाजात आणि ५५ टक्के चेहऱ्यावर असतो, हे कार्यशाळांमध्ये अजून सांगितलं जातं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. ते प्रयोग सुटे शब्द उच्चारून केलेले होते आणि प्रश्न मर्यादित होता: शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी विसंगत असतील तर समोरच्याला आपण आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो. सगळ्या बोलण्याला हा नियम लागू होत नाही, हे मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं होतं. शब्दांचा वाटा ७ टक्के असता तर परकी भाषा न शिकताच आपल्याला तिचा ९३ टक्के अर्थ कळला असता. या आकड्यांमुळे शिकणारे आरशासमोर उभे राहण्यात वेळ घालवतात आणि वाक्याची रचना तशीच राहते, हे नुकसान खरं आहे.

शब्द किती महत्त्वाचे असू शकतात याचं एक दुःखद उदाहरण आहे. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हियान्का कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यू यॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. १५८ पैकी ७३ जणांचा मृत्यू झाला. खराब हवामानामुळे विमानाला दीर्घ काळ घिरट्या घालत ठेवलं होतं. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला प्राधान्य मागितलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं. पण 'आणीबाणी' हा ठरलेला शब्द एकदाही उच्चारला नाही, आणि नियंत्रकांनी ती वाक्यं रोजच्या गर्दीतल्या इतर विनंत्यांसारखी घेतली. आपल्याला वाटणारी निकड आणि आपल्या वाक्यातली निकड यांत असं अंतर पडू शकतं. अधिकारी व्यक्तीसमोर ते वाढतं. आपण सूचना नरम करतो, प्रश्नाच्या रूपात मांडतो, 'बघा जमलं तर' जोडतो. अशा वेळी वाक्याचा क्रम ठरवून ठेवलेला बरा: आधी नाव घेऊन हाक, मग धोका, मग काय करावं ते, आणि शेवटी उत्तर मागणं. 'मॅडम, एक धोका दिसतोय. हा हिशेब मागच्या वर्षीच्या दराने केला आहे. आज पाठवू नये असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?' यात आदर कमी झालेला नाही आणि अर्थही पातळ झालेला नाही. ऐकणाऱ्याने ते परत उच्चारावं ('म्हणजे दर जुने आहेत, आज थांबवायचं'), हा वैमानिकांचा आणि शस्त्रक्रियागृहांतला शिरस्ता कुठेही घेण्यासारखा आहे.

दोघांवरून गटाकडे आलं की गणितच बदलतं. तिघांत जोड्या ३, पाचांत १०, आठांत २८, बारांत ६६. मोकळ्या गप्पांमध्ये एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात आणि पाचवं आलं की घोळक्याचे दोन भाग पडू लागतात, असं रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवलं. म्हणून सहा-सात जणांची बैठक 'मोकळेपणाने बोलू या' एवढ्यावर सोडून चालत नाही. दोन वाक्यांमधली तीच २०० मिलिसेकंदांची जागा आता सहा जणांना हवी असते, आणि ती मिळते सर्वांत जलद बोलणाऱ्याला. ज्याला विचार करायला अर्धा सेकंद जास्त लागतो, जो दुसऱ्या भाषेत बोलतो आहे, जो वयाने किंवा हुद्द्याने लहान आहे, त्याची पाळी येतच नाही. त्याला काही सांगायचं नव्हतं, असं बाकीचे मनापासून समजतात.

यात फक्त अन्याय होतो असं नाही, निर्णयही चुकतात. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये चार-चार जणांच्या गटांना तीन उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. काही गटांत सगळी माहिती सगळ्यांना दिली होती. काहींत ती तुकड्यांनी वाटली होती: थोडी सर्वांकडे सारखी, बाकी एकेकाकडे वेगळी. सगळे तुकडे जोडले तरच उत्तम उमेदवार दिसावा अशी ती वाटणी होती. दुसऱ्या प्रकारचे बहुतेक गट तिथपर्यंत पोहोचलेच नाहीत. जे सर्वांना आधीच ठाऊक होतं त्यावरच चर्चा फिरत राहिली. कारण उघड आहे. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कुणीतरी काढतोच, आणि काढली की तिघे मान डोलावतात. एकट्याला माहीत असलेली गोष्ट त्यानेच काढावी लागते, आणि काढल्यावर समोर कोरे चेहरे दिसतात. म्हणून बैठक चालवणाऱ्याने एक प्रश्न पाठच करून ठेवावा: 'इथे अजून कुणीच न बोललेली अशी कोणती माहिती तुमच्याकडे आहे?' 'कुणाला काही म्हणायचंय का?' हा प्रश्न हे काम करत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याचा क्रम. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, आधीच्या सर्वांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की सुमारे एक तृतीयांश वेळा खरा सहभागीही तेच उत्तर देई. पण आधीच्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तर अशा चुका आधीच्या एक चतुर्थांशच उरत. बैठकीत सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने पहिल्यांदा मत दिलं तर पुढची मतं त्याच्याभोवतीच गोळा होणार. म्हणून वरिष्ठांनी शेवटी बोलावं, आणि मतं तोंडी येण्याआधी कागदावर यावीत. विरोधाची भूमिका कुणावर सोपवून द्यायची पद्धतही प्रचलित आहे. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. नेमलेला विरोधक नाटक करतो आहे हे सर्वांना माहीत असतं, आणि तो थांबला की सर्वांना आपण विरोधही ऐकून घेतला असं समाधान मिळतं. मनापासून असहमत असलेला एक माणूस शोधून त्याला सुरक्षितपणे बोलू देणं जास्त कामाचं.

कागदावर येण्याची पद्धत नीट बांधलेली आहे. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही रचना सहा जणांच्या ४० मिनिटांच्या बैठकीत अशी बसते. पहिली ५ मिनिटं पूर्ण शांतता. प्रश्न एका वाक्यात फळ्यावर, आणि प्रत्येकजण आपापल्या कागदावर लिहितो. पुढची १० मिनिटं फेरी: प्रत्येकाने एका वेळी एकच मुद्दा वाचायचा. तो फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहिला जातो, चर्चा नाही, वाहवा नाही, नापसंतीचा सुस्काराही नाही. मुद्दे संपेपर्यंत फेऱ्या चालतात, कुणाला 'पुढे' म्हणायची मुभा. मग १२ मिनिटं फक्त अर्थ समजून घेण्यासाठी. ५ मिनिटांत प्रत्येकजण आपल्या मते सर्वांत महत्त्वाचे पाच मुद्दे निवडून, एकमेकांना न दाखवता, त्यांना १ ते ५ गुण देतो. बेरीज फळ्यावर. उरलेली ८ मिनिटं निर्णयाला आणि कोण काय करणार हे लिहून घ्यायला.

या रचनेत सर्वाधिक मोडतं ते पहिलं पाच मिनिटांचं मौन. दीड मिनिटात कुणीतरी 'झालं माझं' म्हणतं, पेन खाली ठेवतं, कुजबुज सुरू होते आणि हळू लिहिणारे थांबतात. चालवणाऱ्याने तेव्हा स्वतः लिहीत राहावं आणि मान वर करू नये. त्याखालोखाल मोडतं ते फळ्यावरचं लिहिणं. लिहिणारा मुद्दा 'सुधारून' लिहितो आणि ज्याचा मुद्दा तो पुढच्या फेरीत गप्प होतो. एवढी शिस्त कशासाठी, असं वाटू शकतं. पण सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने कल्पना सुचवणाऱ्या गटांपेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा एकूण कल्पना जास्त निघतात, हे १९५८ पासून पुनःपुन्हा दिसलं आहे. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारणही दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबताना सुचलेलं निसटतं.

सतत बोलणाऱ्याला कसं थांबवायचं, हे शिकणारे सर्वांत जास्त विचारतात. त्याचा श्वास घ्यायचा क्षण पकडून, नाव घेऊन, त्याचा मुद्दा एका वाक्यात परत सांगायचा: 'मुदत कमी पडते हा तुमचा मुद्दा लिहिला. अजून तिघांचं ऐकायचंय, मग परत तुमच्याकडे येते.' आणि खरंच परत जायचं. एकदा गेलो नाही की पुढच्या वेळी तो थांबणार नाही, आणि त्यात चूक त्याची नसेल. गप्प असणाऱ्याला 'तुम्ही काहीच बोलत नाही' असं म्हणू नये, त्याने तो आणखी मिटतो. आधी कल्पना द्यावी: 'यांच्यानंतर एक जण, मग तुमच्याकडे येते.' ऑनलाइन बैठकीत हे आणखी गरजेचं, कारण आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे ती छोटी जागा कुणालाच नीट कळत नाही, दोघे एकदम सुरू करतात आणि दोघेही 'तुम्ही बोला' म्हणून थांबतात. तिथे नावाने पुकारणं हाच उपाय. सुरुवातीला प्रत्येकाचा आवाज एकदा तरी खोलीत उमटावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत चीर देण्याआधी सर्वांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा बोललेल्या माणसाला काही चुकतंय असं दिसलं तर दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं.

२०१० मध्ये अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच जणांच्या गटांची कामगिरी मोजली. गटातल्या सर्वांत हुशार माणसाच्या बुद्ध्यंकाशी तिचा संबंध फारसा जुळला नाही. जास्त जुळला तो बोलण्याच्या पाळ्या किती सारख्या वाटल्या गेल्या याच्याशी, आणि सदस्यांना दुसऱ्यांच्या डोळ्यांतले भाव किती ओळखता येतात याच्याशी.

सराव कसा करायचा? ऐकून किंवा वाचून हे अंगी येत नाही, कारण अडचण कळण्याची नाही, त्या पाव सेकंदात सवय मोडण्याची आहे. सगळ्यांची परवानगी घेऊन १० मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करावं, त्यातली ३ मिनिटं अक्षरशः उतरवून काढावीत, 'अं', 'हं' आणि अर्धवट वाक्यांसकट. मग मोजावं: कोण किती सेकंद बोललं, कुणाचं वाक्य कुठे तोडलं गेलं, किती प्रश्नांना 'हो-नाही'पेक्षा लांब उत्तर मिळू शकलं असतं, किती ठिकाणी एका सेकंदाहून जास्त शांतता टिकली. 'हं', 'हो का', 'मग?' हे तोडणं नव्हे, ते चालू ठेवणं आहे, ते वेगळं मोजावं. यातून एकच गोष्ट निवडून दोन आठवडे तिच्यावर राहावं. तीन एकदम घेतल्या की बोलताना लक्ष स्वतःकडेच जातं आणि ऐकणं आधीपेक्षा बिघडतं.

तिघांचा सराव मला सर्वांत उपयोगी वाटतो. एक सांगणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. सांगणाऱ्याने खरी पण लहान अडचण घ्यायची, आयुष्यातली सर्वांत मोठी नको. ५ मिनिटं बोलणं, २ मिनिटं निरीक्षण, मग भूमिका बदलायच्या. साधारण २० मिनिटांत तिघांच्या पाळ्या होतात. निरीक्षक नेमण्याची कल्पना जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये कुर्ट लेविन यांच्या कार्यशाळेत संशोधक दिवसभराच्या गटांची निरीक्षणं संध्याकाळी आपापसांत मांडत. काही सहभागींनी ती ऐकायला बसू द्या म्हणून विचारलं, आणि आपल्याबद्दलच्या नोंदींवर तिथेच वाद घालू लागले. त्या वादातून त्यांना जे शिकायला मिळालं ते दिवसाच्या सत्रांतून मिळालं नव्हतं. पुढच्या वर्षी मेन राज्यातल्या बेथेल इथे त्यावर अख्खा प्रशिक्षणक्रम उभा राहिला.

निरीक्षकाचं काम या सरावातलं सर्वांत अवघड. 'छान ऐकलंस' किंवा 'जरा घाई झाली' यातून ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याने फक्त कानावर पडलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं सांगायचं: 'दुसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, काय करावं कळत नाही. तू लगेच दोन उपाय सुचवलेस. त्यानंतर ती फक्त हो, बघते, असं बोलत राहिली.' चांगलं झालेलंही असंच, वाक्यासकट सांगायचं. ऐकणाऱ्याने यावर खुलासा द्यायचा नाही, लिहून घ्यायचं. मग सांगणाऱ्याला 'काय करावं कळत नाही' हे वाक्य पुन्हा म्हणायला सांगायचं, आणि तिथून पुढची दोन मिनिटं परत घ्यायची, या वेळी उपायाआधी तीन सेकंद मोजून.